दोर पुसलेले चित्र

वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत एक शब्द असा आहे, की तो छापला म्हणजे सगळे ऋण फिटले असे समजले जाते. तो शब्द म्हणजे 'साभार'. दुसऱ्याचा लेख, दुसऱ्याची कविता, दुसऱ्याचे चित्र आपल्या पानात घ्यावे, खाली बारीक टायपात हा शब्द टाकावा, आणि ज्याचे आभार मानले त्याला मात्र त्याची वार्ताही लागू देऊ नये, ही आपल्याकडची रीत आहे. ती इतकी अंगवळणी पडली आहे, की तिला कोणी चोरी म्हटले तर लोक म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढतील. लातूरच्या 'मांजराकाठ' साप्ताहिकाचे संपादक रेणुकादास भालकीकर हे प्रामाणिक गृहस्थ होते. कोणाचा फुकट चहा घेतल्याचे त्यांच्याविषयी कोणी ऐकले नव्हते. पण 'साभार' त्यांनी अनेकदा छापला होता, आणि त्यात काही वावगे आहे असे त्यांच्या मनाला कधी शिवले नव्हते.

नवा जिल्हा होऊन तो चौथा उन्हाळा होता. जिल्हा झाल्यापासून शहरात नव्या इमारती उठत होत्या, नव्या पाट्या लागत होत्या, आणि खेड्यांत विहिरींचे तळ दिसू लागले होते. अशातच एका नव्या सरकारी इमारतीपुढे कारंजे सुरू झाले. उद्घाटनाच्या दिवशी पाणी उडाले, टाळ्या पडल्या. त्याच दिवशी रेणुकादासांनी बसस्थानकामागे टँकरपाशी डोकी फुटताना पाहिली. रात्री त्यांनी अग्रलेख लिहिला. तो तिखट होता आणि खराही होता. मात्र शेजारी एखादे चित्र असल्यावाचून तो लोकांच्या काळजात उतरणार नाही, असे त्यांना वाटले. अंक छापायला जाण्याची वेळ जवळ आली होती, आणि लातुरात हवे तसे चित्र काढून देणारा कोणी नव्हता.

टेबलावरच्या गठ्ठ्यात त्यांना नांदेडच्या एका शिक्षक-कलाप्रदर्शनाची स्मरणिका सापडली. तिच्यात शाईने काढलेले एक चित्र होते. विहिरीच्या काठावर एक वृद्ध स्त्री ताठ उभी आहे, तिच्या डाव्या हातावर दोराचे वेटोळे आहे, आणि ती पाहणाऱ्याकडे सरळ नजर लावून बघते आहे. खाली सही होती: ग्यानोबा गजभारे, भोकर. म्हातारीचा चेहरा असा होता, की एकदा पाहिला म्हणजे विसरता येऊ नये. रेणुकादासांना तो चेहरा हवा होता. दोराचे त्यांना प्रयोजन नव्हते.

त्यांनी ते पान कापून सोलापूरच्या ब्लॉकवाल्याकडे, म्हणजे छपाईसाठी जस्ताच्या पत्र्यावर चित्राचा ठसा करून देणाऱ्याकडे, पाठवले आणि सोबत सूचना दिल्या. दोर काढून टाकावा. बाईचे दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे करावेत. वरच्या कोपऱ्यात खुर्चीतला एक साहेब काढावा, आणि तो तांब्यातून त्या ओंजळीत थेंब थेंब पाणी ओततो आहे असे दाखवावे. ब्लॉकवाल्याच्या कारागिराने सांगितले तसे केले. कागदाचा खालचा भाग छाटताना सही गेली. चित्र पहिल्या पानावर छापले गेले. वर मथळा होता 'नवा जिल्हा, जुनी तहान', आणि खाली बारीक टायपात तोच शब्द.

अंकाची वाहवा झाली. कारंज्याचे पाणी दोन दिवसांत बंद झाले, ते चित्रामुळे की पंप बिघडल्यामुळे, हे कोणालाच नक्की कळले नाही. रेणुकादासांनी ते चित्रामुळेच झाले असे धरले. मग छापखान्यांच्या दुसऱ्या एका जुन्या रीतीप्रमाणे तो ब्लॉक हिंडू लागला. शेजारणीने विरजण मागावे तसे एक छापखाना दुसऱ्याकडे ब्लॉक मागतो, आणि विरजणाला कोणी नाही म्हणत नाही. उदगीरच्या एका साप्ताहिकाने तो नेला. नांदेडच्या एका दैनिकाने नेला. लातूरचे डाळमिलवाले माणिकप्पा यांनी बाजारात पाणपोई घातली होती. त्यांनाही हस्तपत्रकासाठी तो हवा होता. रेणुकादासांनी तो दिला. चांगले काम जितके पसरेल तितके बरे, असे ते म्हणाले.

एके दुपारी मळक्या पांढऱ्या सदऱ्यातला एक मनुष्य कचेरीत आला. त्याने नमस्कार केला, खुर्ची दिली तरी तो बसला नाही, आणि काखेतल्या पिशवीतून उदगीरच्या साप्ताहिकाचा अंक काढून त्याने टेबलावर पसरला. आपण भोकरच्या शाळेत चित्रकला शिकवतो, नाव ग्यानोबा गजभारे, आणि हे चित्र आपले आहे, असे त्याने सांगितले.

रेणुकादासांना मनापासून आनंद झाला. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "गुरुजी, तुमच्या चित्राने काय काम केलंय, तुम्हाला कल्पना नाही. अहो, कारंजं बंद पडलं."

"कारंजं बंद पडलं ते बरंच झालं," ग्यानोबा म्हणाला. "पण साहेब, यात दोर होता."

"होता. पण विषय पाण्याचा होता ना."

"माझ्या चित्राचा विषय दोर होता."

खोलीत तिसरे एक गृहस्थ बसलेले होते. ते निवृत्त वकील वसंतराव. रोज दुपारी येऊन सगळी वृत्तपत्रे शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणे आणि वाचून झाल्यावर संपादकाशी वाद घालणे, हा त्यांचा नेम होता. त्यांनी हातातला कागद खाली ठेवला.

ग्यानोबाने सांगितले, की ती बाई म्हणजे आपली आई, धुरपताबाई. तिला अंगणात उभी करून आपण ते चित्र काढले. त्यात बदल करण्याआधी एक कार्ड टाकले असते, तरी आपण उलट टपाली उत्तर दिले असते. आता निदान मूळ चित्र, दोरासह, नावासह पुन्हा छापावे, आणि हा ब्लॉक कोणाला देऊ नये. एवढे बोलून तो थांबला. त्याला आणखी काही सांगायचे होते हे उघड दिसत होते. पण त्याने ते सांगितले नाही.

रेणुकादासांचा आनंद मावळला. त्यांनी बाजू मांडली, आणि ती नेटकी मांडली. चित्र छापून प्रसिद्ध झालेले होते, म्हणजे ते लोकांचे झाले होते. ब्लॉक त्यांनी पदरच्या पैशाने करून घेतला होता, म्हणजे तो त्यांचा होता. आणि त्यांनी त्यावर कमाई केली नव्हती. त्यांनी टीका केली होती, तीही तहानलेल्यांच्या बाजूने.

"तुमच्याच लोकांच्या भल्यासाठी केलं गुरुजी, आणि तुम्हीच भांडायला आलात," ते शेवटी म्हणाले.

ग्यानोबाने अंकाची घडी घातली. "माझ्या चित्रावर टीका करा साहेब. भिकार आहे म्हणा, पोराटोरांची रेघ आहे म्हणा. मी हू की चू करणार नाही. पण माझ्या आईला तुमच्या मनातलं बोलायला लावू नका." त्याने चहाला हात लावला नाही. दाराशी जाऊन तो वळला आणि म्हणाला, "ती आता विहिरीवर जाऊन नाही राहिली." मग तो गेला.

चहा निवत होता. वसंतरावांनी विचारले, "रेणुकादास, त्याला कायदा सांगितलात तो कुठल्या पुस्तकातला?"

"टीकेसाठी घेता येतं, वकीलसाहेब. कायद्यातच आहे."

"आहे. अर्धा वाचलात." वसंतरावांचा आवाज कधी चढत नसे, मुद्दा जितका कठोर, तितके ते हळू बोलत. सत्तावन सालच्या कॉपीराइट कायद्याने टीकाकारासाठी वाट मोकळी ठेवली आहे, आणि ती ठेवलीच पाहिजे, असे ते म्हणाले. एखाद्याच्या चित्राची समीक्षा करायची, तर ते चित्र लागेल तेवढे दाखवायला त्याची परवानगी लागत नाही. तो चिडला तरी चालते. परवानगी लागली असती, तर जगात फक्त स्तुतीच छापली गेली असती. "पण तुम्ही त्या चित्राविषयी एक अक्षर तरी लिहिलंत का? तुमची टीका कारंज्यावर. चित्र तुम्ही दगडासारखं उचललंत आणि तिकडे फेकलंत. दगडाला कुणी विचारत नाही, खरं आहे. पण तो दगड नव्हता."

रेणुकादास हार मानणारे नव्हते. व्यंगचित्रकार थोरामोठ्यांच्या प्रतिमा घेतात, वाकड्या करतात, त्यात तर सगळी गंमत असते, असे ते म्हणाले.

"असते. कारण मूळ प्रतिमा वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असते. मूळ काय आणि वाकडं काय, हे त्याला कळतं. तुमच्या वाचकाला तिथे दोर होता हे कुठे ठाऊक होतं? त्याच्या लेखी ती बाई जन्मापासून हात पसरून उभी आहे." वसंतराव पुढे म्हणाले, "कर्त्याचं नाव पुसू नये, आणि त्याच्या अब्रूला धक्का लागेल अशी त्याच्या कृतीची मोडतोड करू नये, हाही त्याच कायद्याचा भाग आहे. आणि ब्लॉक तुमचा म्हणता, तर जस्त तुमचं. त्यावरची बाई तुमची नव्हे."

त्यावर रेणुकादास एवढेच बोलले, की चळवळीत असल्या बारकाव्यांना वेळ नसतो. वसंतराव छत्री घेऊन उठले. कायद्याचे आपण सांगितले, पण पुसलेल्या दोराचा अर्थ आपल्यालाही माहीत नाही, तो त्या बाईलाच विचारावा, असे म्हणून ते निघून गेले.

त्या दिवशी रेणुकादासांनी काही केले नाही. दुसऱ्या दिवशीही केले नाही. माणूस युक्तिवादाने हरतो, पण हरल्याने बदलतोच असे नाही; त्यासाठी त्याच्या स्वतःच्या बोटाला कधी तरी चटका बसावा लागतो. तो चटका माणिकप्पांच्या हस्तपत्रकाने दिला.

पत्रक गुळगुळीत कागदावर छापले होते. तेच चित्र होते, पण वरचा मथळा नव्हता, आणि 'मांजराकाठ'चे नावही नव्हते. खुर्चीतल्या साहेबाच्या डोक्यावर पागोटे चढवून त्याला माणिकप्पांसारखे केले होते, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिले होते: 'दानशूराची ओंजळ, गरिबाची सोय'. ज्या चित्राने सत्तेला टोचायचे, ते आता पैशाची आरती ओवाळीत होते!

रेणुकादास पत्रक मुठीत चुरगाळून थेट डाळमिलीत गेले. गादीवर बसलेल्या माणिकप्पांना त्यांनी विचारले, की आपल्या चित्राचा अर्थ आपल्याला न विचारता फिरवायचा अधिकार त्यांना कोणी दिला.

माणिकप्पा खरोखरच चकित झाले. "आता हे काय संपादकसाब? ब्लॉक तुम्हीच धाडला की. अन् वाईट काय केलं मी? लोकांला पाणीच पाजून राहिलो ना? पुढच्या पत्रकात तुमचं 'साभार' टाकतो, मग तर झालं?"

माणिकप्पांनी एकही शब्द नवा वापरला नव्हता. ब्लॉक, चांगला हेतू, साभार. रेणुकादासांनी ज्या शब्दांचा ग्यानोबापुढे आणि अंकातही आसरा घेतला होता, तेच शब्द त्यांच्यापुढे गादीवरून आले. ते बाहेर पडले. बाजारात धूळ उडत होती. पाणपोईच्या रांजणावर ते पत्रक डकवलेले होते, आणि धुरपताबाई त्यावरून ओंजळ पसरून त्यांच्याकडे पाहत होती. चेहरा तोच होता, नजरही तीच सरळ होती. त्या नजरेखाली ते हात कोणीतरी जबरदस्तीने लावल्यासारखे दिसत होते. हे त्यांना इतके दिवस कसे दिसले नव्हते!

रविवारी ते एस.टी.ने नांदेडला आणि तिथून भोकरला गेले. ग्यानोबाचे गाव भोकरपासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. वाटेतला ओढा पांढरा पडला होता. त्याच्या वाळूत माणसांनी पाण्यासाठी झिरे खणले होते, आणि एका झिऱ्याचा काठ ढासळलेला होता. गावात शिरताना लागते ती सार्वजनिक विहीर. टँकर येतो, पाणी विहिरीत सोडतो, आणि मग सगळे गाव शेंदून घेते. विहिरीच्या कठड्यालगतच्या भिंतीला नांदेडच्या दैनिकाचे एक पान चिकटवलेले होते. त्यावर कोणीतरी कोळशाने बाण काढला होता. बाण ओंजळीकडे जात होता.

घर दोन खोल्यांचे, सारवलेले, समोर बाबासाहेबांची तसबीर. तिच्या शेजारच्या खुंटीला दोराचे वेटोळे टांगलेले होते. धुरपताबाई बाजेवर पडलेली होती. कंबरेखाली उशा लावल्या होत्या. ग्यानोबाने पाहुणा कोण ते आईला सांगितले. मग तो दाराला टेकून उभा राहिला, आणि काय घडले ते त्याची बायको सरजाबाई हिने सांगितले.

पूर्वी या गावात त्यांच्या लोकांनी विहिरीला हात लावायचा नसे. दूर उभे राहायचे, कोणाला तरी दया येईल तोवर थांबायचे, आणि मग ओंजळ धरायची. वरून पाणी ओतले जाई, अंग न लागेल अशा बेताने. धर्मांतर झाले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात धुरपताबाई स्वतः वळलेला दोर घेऊन विहिरीवर गेली आणि तिने आपल्या हाताने पाणी शेंदले. त्याबद्दल तिने मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. खुंटीवरचा तो दोर कितीदा झिजला आणि कितीदा नवा वळला, पण स्वतः शेंदायचे तिने सोडले नाही. यंदा दुष्काळात टँकरचे पाणी पुरेना, आणि विहिरीवर भांडणे होऊ लागली. नेमके तेव्हा ते चित्र गावात आले. कोणीतरी ते भिंतीला लावले आणि म्हातारी दोर घेऊन आली तेव्हा हसत म्हणाला, "मामी, तुमचा फोटो आलाय पेपरात. शिकल्यासवरल्या लोकांनीच छापलंय, वंजळ धरा म्हणून. मग धरा की. आम्ही ओततो वरून."

"हसले समदे," सरजाबाई म्हणाली. "बायाबी हसल्या."

धुरपताबाई त्या दिवसापासून विहिरीवर गेली नाही. ती ओढ्यातल्या झिऱ्यावर जाऊ लागली. वाटीवाटीने पाणी भरताना एके दिवशी काठ ढासळला आणि तिच्या कंबरेचे हाड मोडले. या वयात ते जुळणार नाही, असे डॉक्टर म्हणाले होते.

रेणुकादास म्हणाले, की आपल्याला ओंजळीचा हा अर्थ ठाऊक नव्हता.

"ठाऊक नव्हतं तं इचारायचं," धुरपताबाई पहिल्यांदाच बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच तो सोसणे कठीण होते. "माझे हात व्हते ना ते? मी जिती हाय. पोरगा जिता हाय. मेलेल्याचंबी कोन्ही इचारल्याबिगर घेत न्हाई."

मग रेणुकादासांनी विचारले. मूळ चित्र, दोरासह, ग्यानोबाच्या नावासह, पहिल्या पानावर छापायची परवानगी आहे का, आणि सोबत आपली चूक आपल्या सहीने लिहिली तर चालेल का. त्यांच्या संपादकीय आयुष्यात कोणाला असे विचारायची ही पहिलीच वेळ होती.

ग्यानोबाने आईकडे पाहिले. म्हातारीने खुंटीकडे पाहिले. "छापा," ती म्हणाली. "पर दोर लहान करू नका."

ते निघाले. ऊन असे होते, की दाराबाहेर पाहवत नव्हते. म्हातारी म्हणाली, पाणी पिऊन जा. सरजाबाईने माठाकडे हात नेला. घरात एकच माठ होता आणि तो तळाला गेला होता. आपण भांडे उष्टे केले तर ते धुवायला आणखी पाणी जाईल, असा विचार करून रेणुकादास उंबऱ्याशी वाकले आणि त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

हेतू याही वेळी चांगला होता. चित्राच्या वेळीही चांगलाच होता!

"हात खाली घ्या," धुरपताबाई म्हणाली. "ह्या घरात कुनाला वंजळीत पानी देत न्हाईत. सरजा, तांब्या दे त्यान्ला. भरून दे."

रेणुकादासांनी तांब्या घेतला. पाणी झिऱ्याचे होते, गढूळ होते, तळाला वाळू होती. त्यांनी ते सगळे प्यायले.

पुढच्या अंकात मूळ चित्र छापले गेले. त्याच्याखाली ग्यानोबा गजभारे हे नाव मथळ्याच्याच टायपात होते, आणि 'साभार' हा शब्द नव्हता. 'चित्रकाराच्या व चित्रातील बाईंच्या परवानगीने' असे होते. ग्यानोबाने तो अंक विहिरीच्या भिंतीवरच्या जुन्या पानावर स्वतः चिकटवला. रेणुकादासांनी ब्लॉक घणाने ठेचून टाकला. परंतु उदगीर आणि नांदेडचे जुने अंक घराघरांतून पुड्या बांधायला गेले होते, आणि माणिकप्पांची पत्रके रांजणारांजणावर उन्हाने पिवळी पडत होती. ठसा मोडता येतो. उमटलेले मागे घेता येत नाही. धुरपताबाई त्यानंतर विहिरीवर गेली नाही. तिला जाताच आले नाही. पाऊस लागण्याच्या आत ती बाजेवरच वारली, आणि दोर सरजाबाई नेऊ लागली.

नागरिकहो, आपल्याला बोलायचे असते, रागावायचे असते, सत्तेला जाब विचारायचा असतो, आणि तो विचारलाच पाहिजे. एखाद्याच्या कृतीवर टीका करायची तर ती निर्भयपणे, तिचे खरे रूप समोर ठेवून करावी. त्यासाठी कोणापुढे हात जोडण्याची गरज नाही. पण दुसऱ्याची कृती आपल्या भांडणात आपले हत्यार म्हणून वापरायची असेल, तर आधी त्याला विचारावे, त्याचे नाव राखावे, आणि त्याच्या चित्रातले काहीही, आपल्याला ते कितीही किरकोळ वाटो, पुसू नये. आपल्याला जो नुसता दोर दिसतो, त्याच्यासाठी कोणी मार खाल्लेला असतो.